विरलेलं वादळ

वर्षातून एकदा, हवा अगदी शांत असते अशा दिवसांत, आमच्या हवामान कार्यालयातले सगळे बॅरोमीटर तपासायचे असतात. हवेचा दाब दाखवणारं हे साधं यंत्र, वाटीएवढी गोल डबी, वर काच आणि आत एक काटा. तळमजल्यावरच्या मोठ्या यंत्राशी जुळवून घेतलेला एक बॅरोमीटर हातात धरून खोलीखोलीतून फिरायचं, भिंतीवरच्याशी त्याचा काटा पडताळायचा, फरक असला तर मागचा स्क्रू जरासा फिरवायचा. काम कंटाळवाणं. पण डोकं लागत नाही म्हणून मला ते बरं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी मी तेच करत होते. बाहेर लख्ख ऊन. टेकडीच्या पायथ्याशी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निपचित पडलेला. खाली कोणीतरी गच्चीवर चादरी वाळत घातल्या होत्या आणि त्यातली एकही हलत नव्हती. हे मी नीट सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की हवाच खराब असेल. हवा खराब नव्हती.

साहेबांची खोली मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. कामापलीकडे मी त्यांच्याशी बोलत नसे. त्यांचं दार बाहेर, कॉरिडॉरमध्ये उघडतं. मी मूठ धरून ओढलं तर येईना. कुलूप नव्हतं, आतून कोणी दोन्ही हातांनी धरून ठेवावं तसं दार बसलं होतं. पाय रोवून हिसका दिला तेव्हा ते सुटलं, आणि माझ्या पाठीमागची हवा मला ढकलत आत शिरली. आत पाऊल टाकताच कानांना दडे बसले, घाट चढताना बसतात तसे.

साहेब टेबलाशी बसले होते. करंगळीनं कान हलवत म्हणाले, सर्दी झालेली दिसते. मी हातातल्या काट्याकडे बघत होते. काटा खाली गेला होता. भिंतीवरच्या बॅरोमीटरचाही गेला होता, तेवढाच. मी बाहेर आले, काटा जागेवर. पुन्हा आत गेले, खाली. एका इमारतीतल्या दोन खोल्यांच्या दाबात असा फरक पडत नाही. हवा काही भिंतींना विचारून थांबत नाही. आणि काटा जिथं टेकला होता, तिथं तो येतो ते वादळ डोक्यावर येऊ घातलं की.

साहेबांवर माझा राग होता, असं म्हटलं तर ते फार मवाळ होईल. मला त्यांचं नाव घेताना तोंड कडू व्हायचं. का, ते सांगते.

आदल्या मोसमात दूर समुद्रात एक वादळ उठलं. त्याच्या वाटेवर एक जहाज होतं, समुद्राच्या तळाशी फोनच्या केबल टाकणारं. माझा थोरला भाऊ त्याचा कप्तान. असलं जहाज मनात आलं म्हणून पळू शकत नाही. त्याच्या मागच्या बाजूनं केबल पार तळापर्यंत सुटलेली असते. पळायचं तर ती तोडावी लागते, आणि तोडली की सगळा मोसम पाण्यात. त्यामुळे तोडायची की नाही हे कप्तान आमच्या पत्रकावरून ठरवतो. वादळ विरणार असेल तर थांबायचं, वाढणार असेल तर तोडून निघायचं.

वादळाचा मार्ग काढण्यात आमचं एकमत होतं. ते दादाच्या जहाजावरून जाणार होतं. भांडण होतं ते त्याच्या जोराबद्दल. साहेबांचं म्हणणं, वरच्या थरातले उलटे वारे येताहेत, ते वादळाचा माथा छाटून टाकतील, जहाजापर्यंत पोचेस्तोवर नुसता पाऊस उरेल. माझं म्हणणं, वारे येतील, पण उशिरा. मधे कोमट पाण्याचा पट्टा आहे, आणि कोमट पाणी म्हणजे वादळाचं जेवण. ते तिथं पोटभर जेवणार आणि मग दादावर जाणार. मी पत्रकात लिहिलं, जोर वाढण्याची शक्यता, जहाजांनी मार्ग सोडावा. साहेबांनी ते खोडून लिहिलं, ‘क्षीण होत जाईल’.

त्यांचीही एक बाजू होती. त्याच्या आधी एकदा त्यांनी इशारा देऊन अख्खं बंदर रिकामं करवलं होतं, आणि वादळ भलतीकडे वळलं. लोकांनी त्यांची खूप टर उडवली. त्या हशाला हा माणूस इतका भ्याला की पुढे त्याला वादळापेक्षा हशाच मोठा वाटायला लागला. मला हे कळतं. कळून राग कमी होतो असं कोणी सांगितलं?

मी रेडिओवरून दादाशी स्वतः बोलले. वाढणार आहे, तोड आणि निघ, म्हटलं. तो हसला. म्हणाला, तू म्हणतेस ते खरंही असेल, पण बहिणीच्या सांगण्यावरून केबल तोडली असं मालकांना कुठल्या तोंडानं सांगू? पत्रकात आण, लगेच निघतो. मी पुन्हा साहेबांकडे गेले. भांडले. त्यांनी मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. मी गेले नाही. दुपारभर जहाजावरून तासातासाला एकच विचारणा येत राहिली, विरतंय का? साहेब रेडिओच्या खोलीत उभे राहून सांगत, विरतंय म्हणावं. आमचे रेडिओवाले काका ते जसंच्या तसं पुढे कळवत. मग विचारणा यायची थांबली.

वादळ कोमट पट्ट्यावर वाढलं, जहाजावरून गेलं, आणि त्यानंतर वरचे वारे आले आणि त्यांनी त्याचा माथा छाटला. किनाऱ्याला पोचलं तेव्हा खरंच नुसता पाऊस उरला होता. चौकशी झाली. अंदाज बरोबर होता, कप्तानाचा निर्णय चुकला, असं ठरलं. मेलेल्याच्या माथी मारलेलं परत येत नाही ना. त्या दिवशी साहेब माझ्या वहिनीला सांत्वन म्हणून जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते म्हणाले, “शेवटी विरलंच ना, बाई.” वहिनी त्यांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या बुटांकडे बघत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

तर त्या शांत सकाळी मी बॅरोमीटर घेऊन साहेबांच्या दाराबाहेर उभी होते, आणि काका कॉरिडॉरच्या टोकाला आले. हा माणूस कधी घाईनं चालत नाही, तेव्हाही चालला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाले, एका जहाजाचा निरोप येतोय, जरा येऊन ऐक. मी विचारलं, कुठलं जहाज? ते पुढे चालू लागले.

रेडिओच्या खोलीत खरखर होती, आणि खरखरीमागे वारा. एक आवाज सावकाश जागा सांगत होता, अक्षांश, रेखांश. ती जागा शोधायला मला नकाशा उघडावा लागला नाही. मग त्यानं वारा सांगितला, लाटा सांगितल्या, हवेचा दाब सांगितला. साहेबांच्या खोलीत माझा काटा जिथं टेकला होता, तोच आकडा.

आवाज दादाचा होता. बोलण्याआधी घसा साफ करायची सवयसुद्धा त्याचीच.

मी माइक ओढून घेतला. दादा, मी आहे, म्हटलं. तोड आणि निघ, वाढतंय. खरखर तशीच चालू राहिली. मी काही बोललेच नाही अशा सुरात तो म्हणाला, “हवामान कार्यालय... विरतंय का?” काकांनी उत्तर देऊन पाहिलं. त्यांचंही त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा तेच... विरतंय का? उपग्रहाचं चित्र समोरच्या पडद्यावर होतं. समुद्रावर एक ढग नव्हता.

काका खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मी भ्याले नव्हते असं सांगितलं तर खोटं होईल. पण भीतीच्याही खाली काहीतरी दुसरं उकळत होतं. माझ्या भावाला इतक्या महिन्यांनंतरसुद्धा तेच विचारावं लागतंय, आणि ज्यानं उत्तर द्यायचं तो पलीकडच्या खोलीत सर्दीच्या गोष्टी करतोय.

मी जाऊन साहेबांना सांगितलं की जहाजाचा निरोप आहे, तुमचा अंदाज विचारताहेत. कुठलं जहाज, तेही सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. हा कोणाचा तरी वात्रटपणा आहे, मी बघतोच, असं म्हणत ते तरातरा निघाले. मी मागोमाग. बॅरोमीटर अजून माझ्या हातात होता, आणि चालता चालता माझी नजर त्यावर गेली. कॉरिडॉरमध्ये काटा वर यायला हवा होता. तो आला नाही. मी दोन पावलं मागे राहिले तर काटा जरा चढला. साहेबांच्या जवळ गेले तर पुन्हा उतरला.

खोलीचा काही संबंधच नव्हता. वादळ त्यांच्याबरोबर चाललं होतं. आयुष्यभर मी वादळांचे मार्ग काढले. ह्या एका वादळाचा मार्ग मला उशिरा कळला. ते विरलं नव्हतं. ते पत्ता शोधत आलं होतं.

साहेब रेडिओच्या खोलीत शिरले तसं दार आपोआप आपटून बसलं. खिडकीची काच आतल्या बाजूला दबून करकरली. कानात दुखायला लागलं. खोलीत वास आला... ओल्या लोखंडाचा, डिझेलचा, आणि त्याखाली तळच्या चिखलाचा, ज्याला कधी ऊन लागलेलं नसतं त्याचा. आणि काचेपलीकडे सगळं लख्ख. गच्चीवरची बाई वाळलेल्या चादरी घडी करून टोपलीत ठेवत होती.

“विरतंय का?” आवाजानं विचारलं.

साहेबांनी तो आवाज ओळखला. त्या दुपारी तेही माझ्याइतकंच ऐकत उभे होते. ते दाराकडे वळले आणि ढकलू लागले. काकाही उठून ढकलू लागले. दोघं मिळून ढकलत होते तरी दार हललं नाही. मी मदतीला गेले नाही. मी माइक उचलला आणि साहेबांच्या तोंडासमोर धरला.

“सांगा त्याला,” मी म्हटलं. “त्याला तुमचंच ऐकू येतं.”

त्यांनी माइककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, तो माणूस म्हणाला, “विरतंय... विरत जाईल.” सवय. इतक्या वर्षांची जिभेला लागलेली सवय.

काटा धाडकन खाली आला. टेबलावरचे कागद कोणी फुंकर न घालता वर उचलले गेले. काकांनी कानांवर हात दाबून मान खाली घातली. साहेबांच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि हनुवटीवरून पांढऱ्या शर्टावर उतरली. रेडिओतला वारा आता वारा राहिला नव्हता. खूप माणसं एकदम श्वास आत घेताहेत आणि सोडतच नाहीत, असा आवाज होता. त्यातून दादाचा आवाज आला, तसाच सावकाश, तसाच सभ्य. वरिष्ठांशी बोलताना तो नेहमी असाच बोलायचा, त्याचाच मला राग यायचा.

“साहेब... केबल तोडू का?”

साहेब गुडघ्यांवर बसले. मी त्यांच्याबरोबर वाकले आणि माइक तोंडाशी धरून ठेवला. त्यांनी माझं मनगट पकडलं होतं, ते सोडवून घ्यायला की आधाराला ते कळत नव्हतं. त्या क्षणी ते मेले असते तरी मी माइक खाली घेतला नसता. हे मी शांतपणे सांगते आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

“तोडा,” ते शेवटी म्हणाले. रडत म्हणाले. “वादळ वाढतंय. केबल तोडा. परत फिरा.”

खरखर थांबली.

“समजलं. परत फिरतोय.”

आणि कान सुटले. दार हलकंच उघडून कॉरिडॉरमध्ये डोलत राहिलं. काटा चढत चढत जागेवर आला. साहेब जमिनीवर बसून दोन्ही हातांनी नाक दाबत होते. काका त्यांना पाणी द्यायला गेले. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं होतं की राग निघून जाईल. उलट तो दुप्पट झाला. एवढंच होतं. त्या दुपारी एवढंच बोलायचं होतं, आणि जहाजभर माणसं घरी आली असती. मी त्यांना ते तोंडावर सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या बंगल्यावर गेले. कानांत कापूस घालून ते आरामखुर्चीत बसले होते. मी म्हटलं, चौकशी करणाऱ्यांना लिहून द्या की तुम्ही माझा अंदाज बदललात, कप्तानाची चूक नव्हती. त्यांनी कानातला कापूस आत दाबला. मग म्हणाले, त्या दिवशी नक्की काय झालं ते तुला तरी सांगता येईल का? लोक हसतील, बाई. पुन्हा तेच. हसतील. मी उठून निघाले ती दार लोटून न घेता.

मात्र एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. निरोप अजून येत होते.

काका ते ऐकून मला बोलवायचे. रोज एकदा, दिवसाउजेडी. आता त्यात काही विचारणा नसायची. जागा, वारा मंद, समुद्र शांत, परतीच्या वाटेवर. मी त्या जागा नकाशावर मांडत गेले. ठिपके सरळ रेषेत बंदराकडे सरकत होते. वेग काढला, भरतीचं पाहिलं, आणि अंदाज केला, रविवारी दुपारी पोचतील. हा अंदाज खोडणारं कोणी नव्हतं.

वहिनीला सांगावं की नाही, ह्यावर मी एक रात्र काढली आणि सांगितलं. तिच्यापासून आधीच पुष्कळ लपवलं गेलं होतं. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडली नाही, वेडी झालीस का म्हणाली नाही. किती वाजता निघायचं, एवढंच विचारलं.

रविवारी दुपारी धक्का रिकामाच होता. बंदराच्या मुकादमाला मी नुसतं सांगितलं की आम्हाला थोडा वेळ इथं बसायचंय. भल्या माणसानं दोन खुर्च्या आणून दिल्या. भरती चढत गेली. समुद्रावर काही आलं नाही. पाणी पूर्ण चढलं, स्थिर झालं, तरी काही नाही. मला स्वतःचीच चीड येऊ लागली. जिवंत माणसाला उन्हात बसवून मी कसली वाट बघायला लावते आहे, असं वाटलं. चल, म्हणून मी उठले.

तेवढ्यात मुकादमानं धक्क्याच्या दुसऱ्या टोकाहून हात केला.

जहाजं बांधायच्या तिकडच्या लोखंडी खुंटांवर दोर होते. मनगटाएवढे जाड, शेवाळानं हिरवे झालेले, खुंटांना नीट वेटोळे घालून बांधलेले. मुकादम शपथेवर सांगत होता की जेवायला गेलो तेव्हा खुंट रिकामे होते. जहाजाला बांधलेले दोर खुंटापासून वर जातात, डेकच्या दिशेनं. हे दोर खाली जात होते. धक्क्याच्या कडेवरून तिरपे पाण्यात शिरले होते आणि ताणून ताठ झाले होते. पाणी स्वच्छ होतं. दोर जाताना दिसत होते, बरेच खोल, आणि मग अंधार.

वहिनी खाली बसली आणि तिनं दोरावर तळहात ठेवला. मग मला खूण करून माझाही हात ठेवायला लावला. दोर गार होता आणि आतून बारीक थरथरत होता. एकसारखा, न थांबता.

“इंजिन चालू आहे,” वहिनी म्हणाली. कप्तानाच्या बायकोला हे हातानं कळतं. “थांबायचं असलं की बंद करतात. कोणाला घेऊन लगेच निघायचं असलं... तर चालू ठेवतात.”

मुकादमानं विचारलं, वर कोणाला कळवायचं का? मी म्हटलं, नको. साहेबांचा बंगला तिथून दिसतो, धक्क्याच्या अगदी वर. त्यांना काय दिसायचं ते खिडकीतून दिसेल. ह्या वेळचा अंदाज त्यांचा त्यांनी करावा.

त्यांचा बंगला आता बंद आहे. बदली मागून घेतली म्हणतात. कुठं, ते ऑफिसात कोणाला माहीत नाही. वहिनी तिच्या घरीच आहे, मी रोज फोन करते. त्या टोकाला आता जहाज लावत नाहीत, आणि दोर तोडायला मुकादमाची माणसं तयार नाहीत.

काल मी जाऊन पाहून आले. दोर तसेच ताठ आहेत. फक्त कडेच्या एका दोरावरचं शेवाळ जागोजागी घासून निघालंय, वीत दीड वीत अंतरानं, मुठीच्या रुंदीएवढं, पार खोल दिसेनासं होईपर्यंत. कोणीतरी हातांनी धरत धरत गेल्यासारखं. खालून वर आलं की वरून खाली गेलं, ते मला सांगता येत नाही.